संबंधित लेखांचे दुवे (स्टॅटिक साइट जनरेटर)

संबंधित लेखांचे दुवे : एखाद्या लेखाखाली त्याच्या विषयाशी जवळीक असलेल्या इतर लेखांची यादी आपोआप तयार करणारी, स्टॅटिक साइट जनरेटरमधील (साध्या मजकुराच्या फायलींपासून संकेतस्थळाची तयार पाने बनवणाऱ्या प्रणालीतील) सुविधा. अशा संकेतस्थळाची पाने वाचकाने मागण्याआधीच, बिल्डच्या वेळी (सर्व पाने एकदम बनवण्याच्या प्रक्रियेत), तयार होऊन राहतात. त्यामुळे कोणत्या लेखाखाली कोणते दुवे द्यायचे हेही तेव्हाच ठरते.

२००८ साली आलेल्या जेकिल या जनरेटरमध्ये ही सोय जवळजवळ नावापुरतीच आहे. मूळ मांडणीत ती केवळ सर्वांत ताजे दहा लेख दाखवते. एलएसआय (शब्दांच्या सहवासावरून मजकुरांतील साम्य मोजणारी पद्धत) हा पर्याय निवडल्यास मजकुराची तुलना होते, पण बिल्ड संथ होतो. हुगो हा दुसरा जनरेटर फ्रंट मॅटरमधील (लेखाच्या फायलीच्या सुरुवातीला दिलेल्या माहितीतील) कळशब्द, टॅग (लेखाला लावलेली विषयाची खूण), तारीख अशा घटकांना भार देतो. मूळ मांडणीत कळशब्दांचा भार १००, तारखेचा १० आणि यादीत येण्यासाठीची जुळणीची किमान पातळी ८० असते. जुन्या लेखाखाली नंतरचे लेख हवे असल्यास तशी वेगळी सूचना द्यावी लागते. इलेव्हन्टी या तिसऱ्या जनरेटरमध्ये टॅगांवरून लेखांचे संग्रह बनतात, त्यांतून निवड करणारा फिल्टर (छोटा कोड) मात्र स्वतः लिहावा लागतो.

सोलापूरच्या स्थानिक इतिहासाला वाहिलेले संकेतस्थळ कल्पिले, तर या सुविधेचा कस कुठे लागतो ते दिसते. गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची जत्रा), चादरीचे कारखाने, जुनी मिल, १९३० चा मार्शल लॉ (लष्करी अंमल), डॉ. द्वारकानाथ कोटणीस अशा प्रत्येक लेखाला ‘सोलापूर’ हा टॅग लावला जाणे स्वाभाविक आहे. पण जो टॅग सगळीकडे आहे त्यावरून काहीच वेगळे ओळखता येत नाही. शब्द जितक्या अधिक लेखांत आढळतो तितके त्याचे वजन कमी धरावे, हे संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेले तत्त्व येथे लागू पडते, आणि हुगोच्या अलीकडच्या आवृत्त्यांत असे सार्वत्रिक टॅग टक्केवारीची मर्यादा घालून वगळता येतात. उलट ‘यंत्रमाग’ हा टॅग चादर, टॉवेल आणि शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर यांवरील लेखांना नेमका जोडतो. प्रकाशनाच्या तारखेला जास्त भार देणे तर घातकच. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली आणि गड्डाही संक्रांतीच्या सुमारास भरतो. साहजिकच त्या त्या निमित्ताने एकाच आठवड्यात प्रसिद्ध झालेले हे दोन लेख एकमेकांखाली येतात, आणि हुतात्म्यांशी ज्याचे थेट नाते आहे तो मार्शल लॉवरचा, मे महिन्यात लिहिलेला लेख मागे पडतो.

नुसत्या मजकुराच्या तुलनेवर मराठीत फारसे विसंबता येत नाही. ‘विणकर’, ‘विणकरांनी’, ‘विणकरांच्या’ ही रूपे, विभक्तिप्रत्यय वेगळे काढण्याची व्यवस्था नसेल, तर तीन निराळे शब्द म्हणून मोजली जातात. टॅगांतही शुद्धलेखनाची अडचण आहेच : ‘सिद्धेश्वर’ आणि ‘सिध्देश्वर’ वाचकाला एकच वाटतात, संगणकाला नाहीत. यासाठी टॅगांची एक ठरावीक यादी ठेवावी आणि तिच्याबाहेरचा टॅग आढळताच बिल्ड थांबेल अशी तपासणी जोडावी; गणिताची पद्धत बदलण्यापेक्षा या तपासणीचा लाभ बहुधा अधिक होतो. ज्या लेखाला किमान पातळी गाठणारा एकही जोडीदार मिळत नाही, त्याखाली ताजे लेख भरून जागा सजवण्याऐवजी टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) अट घालून ती चौकटच वगळतात.