दिवेकर, चेऊलकर, झिराड: बेने इस्रायल आडनावांमागचं कोकण

सीएसएमटीहून लोकल सुटली की पहिलं स्टेशन येतं मस्जिद. हे नाव एका सिनेगॉगवरून पडलं, असं मांडवीतले जुने लोक सांगत आले आहेत. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी मंडळी, आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत. त्यांची मुंबईतली पहिली मशीद मांडवीत १७९६ साली उभी राहिली. तिचं हिब्रू नाव 'शार हारहमिम', म्हणजे दयेचं द्वार, पण बोलण्यात ती 'जुनी मशीद'च राहिली. ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले देशी अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले आणि जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस त्यांनी केला, अशी आठवण समाजात सांगितली जाते.

या नावाकडे नीट पाहिलं पाहिजे. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. बायबलमधली दोन नावं कोकणी जिभेवर घोळून घोळून अशी झाली. तसाच अब्राहमचा आबाजी आणि आयझॅकचा इसाजी झाला. आणि दिवेकर म्हणजे श्रीवर्धनकडच्या दिवे आगरचे. एका माणसाच्या तीन शब्दांच्या नावात जेरुसलेम आणि रायगडचा किनारा शेजारी शेजारी बसले आहेत.

समाजाची मूळकथा अलिबागजवळच्या नवगावला सुरू होते. फार पूर्वी, परंपरेप्रमाणे दोन हजार वर्षांपूर्वी, एक गलबत तिथल्या खडकांवर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना नवगावातच मूठमाती दिली. धर्मग्रंथ समुद्रात गेले, भाषाही हळूहळू गेली. उरलं ते शनिवारी काम न करणं, मुलांची सुंता आणि 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना. या लोकांनी घाणे टाकले, तेल गाळायला सुरुवात केली आणि गावात त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. सुट्टीच्या वारावरून जात ओळखण्याची ही रीत मला फार बोलकी वाटते, कारण वेगळेपण जपूनही हे लोक गावगाड्याच्या हिशेबात किती सहज बसले होते, ते तिच्यातून दिसतं.

पुढे दावीद रहाबी नावाचे गृहस्थ कोकणात आले. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि बायकांनी खवलं-पर असलेले मासेच निवडून घेतले. यहुदी धर्मात तेवढेच खाण्याजोगे. त्यावरून हे लोक यहुदीच आहेत, अशी रहाबींची खात्री पटली. त्यांनी तीन घराण्यांतल्या माणसांना धर्माचं शिक्षण देऊन काजी नेमलं, आणि ती घराणी म्हणजे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. समाजाच्या आठवणीत पहिल्या गुरूंची ओळखही गावांच्या नावानेच टिकली आहे.

ही गावं नकाशावर शोधली की गोष्ट आणखी स्पष्ट होते. अलिबागच्या उत्तरेला काही मैलांच्या पट्ट्यात थळ, नवगाव, किहीम, झिराड आणि आवास. त्यावरून थळकर, नवगावकर, केहिमकर, झिराड किंवा झिराडकर, आवासकर. दक्षिणेला नागाव आणि चौल, तिथले नागावकर आणि चेऊलकर. पेणचे पेणकर, तळ्याचे तळकर, गालसुऱ्याचे गालसूरकर. रोहा कुंडलिकेच्या एका काठावर आणि अष्टमी पलीकडच्या, म्हणून अलीकडचे रोहेकर आणि पलीकडचे अष्टमकर. यांतली बहुतेक गावं खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळची आहेत.

आडनाव मात्र गावात राहणाऱ्याला लागत नाही. झिराडमध्ये सगळेच झिराडचे. 'झिराडकर' ही ओळख गाव सोडल्यावर कामाची. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल कुटुंबं मुंबईत येऊ लागली. कुणी पलटणीत गेले, कुणी गोदीत, कुणी सुतारकाम-गवंडीकामाला, पुढे रेल्वेत आणि कचेऱ्यांत. तेव्हा मांडवी-डोंगरीच्या गल्लीत दोन आबाजी समोरासमोर आले की 'कुठचा आबाजी?' हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर म्हणजे आडनाव. मुंबईतल्या कुठल्याही कोकणी जातीचं असंच झालं, म्हणून दिवेकर ब्राह्मणांतही सापडतात आणि पेणकर इतर जातींतही. केवळ आडनावावरून माणूस बेने इस्रायल आहे की नाही, ते कळत नाही.

इंग्रजी कागदपत्रांनी आणखी एक गुंता केला. पलटणीच्या आणि शाळेच्या दाखल्यांत बापाचंच नाव आडनावाच्या जागी बसलं आणि गाव गळालं. म्हणून सॅम्युएल, मोझेस, इझिकेल ही आडनावं दिसतात. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, ज्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीहून वरळीकडे जातो, किंवा कवी निस्सीम इझिकेल, यांच्या रूढ नावात कोकणातलं गाव दिसत नाही. उलट 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर फक्त डेव्हिड राहिलं, चौल मागे पडलं. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी मात्र गाव जसंच्या तसं, 'कर' न लावता बाळगलं.

समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर हेही आडनावाने किहीमचेच. त्यांनी तो १८९७ साली पूर्ण केला, पण तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर केहिमकर हयात नव्हते.

१९४८ नंतर लोक इस्रायलला जाऊ लागले. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला समाज इथे आटत गेला. २०११ च्या जनगणनेत भारतभरातले सगळे यहुदी मिळून पाच हजारही भरले नाहीत. आज अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद, रामला या गावांत बेने इस्रायल मुंबईपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

तिथेच त्यांच्या वंशाचा प्रश्न चव्हाट्यावर आला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, मंडळाने आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचं इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. शनिवार पाळल्यामुळे ज्यांना कोकणात नाव पडलं, त्यांनाच आता तुम्ही यहुदी कशावरून, असं विचारलं जात होतं. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून ते सर्वार्थाने यहुदी आहेत, असं जाहीर केलं. हा अपमान मुळात व्हायलाच नको होता, आणि त्यावरचा उतारा प्रयोगशाळेतून यायची गरजही नव्हती.

तरीही प्रयोगशाळेने पुढे जे सांगितलं ते जाणून घेण्यासारखं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ बेने इस्रायल व्यक्तींचे नमुने तपासले आणि ते यहुदी, भारतीय व पाकिस्तानी अशा ४१ समाजांतल्या ४८६ जणांशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा की बेने इस्रायल जनुकीयदृष्ट्या आसपासच्या भारतीयांसारखे दिसतात, पण त्यांच्यात वेगळे उठूनही दिसतात. ताडून पाहिलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी समाजांत इतर यहुद्यांशी एवढं नातं फक्त त्यांचंच निघालं. दोन्हीकडचा वाटा भरीव आहे. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं ठरलं. पिढीला तीस वर्षं धरली तर साधारण सहाशे ते हजार वर्षं. पूर्वज किनाऱ्याला कधी लागले, याची ही तारीख नाही. रक्त एकत्र आलं त्याची ही तारीख आहे, त्यामुळे गलबताच्या कथेला ती खोटंही पाडत नाही आणि खरंही ठरवत नाही.

अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग एक्स गुणसूत्राचा आहे. बाईकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक, म्हणून समाजातल्या एक्स गुणसूत्रांत बायकांचा वाटा जास्त असतो. एक्सवरची वंशावळ उरलेल्या गुणसूत्रांशी ताडली तेव्हा दिसलं की पश्चिम आशियातून आलेल्या यहुदी वाट्यात पुरुष जास्त आहेत, आणि इथल्या वाट्यात बायका. म्हणजे परंपरेतल्या सात बायकांखेरीज कोकणातल्याही कितीतरी बायका या समाजाच्या आया आहेत. शनिवारची चूल आदल्या दिवशीच उरकणं त्या शिकल्या असतील, आणि मुलांच्या तोंडी मराठी भाषा त्यांनीच घातली असेल, असं मला वाटतं. त्यांची नावं कुठल्याच वंशावळीत नाहीत. आडनाव बापाकडून चालत येतं, ते त्यांच्याबद्दल काही सांगू शकत नाही.

बापाच्या बाजूनेही आडनाव फार मागे नेत नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं आणि आडनावही तसंच, म्हणून दोन्ही जोडीने चालावीत असं वाटतं. पण गावावरून पडलेल्या आडनावाचं गणित निराळं आहे. एका गावातून निघालेली चार असंबंधित घरं एकच आडनाव लावतात, आणि एका बापाचे दोन मुलगे वेगळ्या गावांत राहिले तर त्यांच्या वंशात दोन आडनावं होतात. रोहेकर आणि अष्टमकर यांच्यात नदीच्या पात्राएवढंच अंतर असू शकतं.

याच अभ्यासात असंही दिसलं की मिश्रणानंतर समाजाची संख्या एकदा फार घटली आणि पुढे लग्नं आपसातच होत राहिली. त्यामुळे आईबाप दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होणाऱ्या आजारांचा धोका वाढतो. लग्न ठरवताना हे डॉक्टरशी बोलून घ्यावं.

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी. या समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर मानत. ज्यांच्या घरात कधी समाजाबाहेरची आई आली ते 'काळे'. त्यांच्याशी सोयरीक करत नसत, काही ठिकाणी पंगतही वेगळी असे. केहिमकरांच्या काळात हा भेद चांगलाच जागता होता, आता तो जवळजवळ पुसला गेला आहे. अठरा नमुन्यांतून जे चित्र निघालं त्यात समाज सगळाच मिसळलेला आहे. 'गोऱ्यां'च्या घरातही कुठल्यातरी पिढीत झिराडची, रोह्याची किंवा चौलची एखादी आई येऊन गेलीच असणार.