सायपॅक्ट

सायपॅक्ट हा अमेरिकेच्या राज्याराज्यांमधील करार असून, एका सदस्य राज्याचा परवाना असलेल्या मानसशास्त्रज्ञाला दुसऱ्या सदस्य राज्यातील व्यक्तीला दूरध्वनी किंवा व्हिडिओ कॉलवरून सेवा देण्याची मुभा त्याने मिळते. तेथे व्यवसायाचे परवाने राज्यांची मंडळे देतात आणि उपचार घेणारी व्यक्ती ज्या राज्यात बसली आहे, तेथेच सेवा दिली गेली असे सामान्यतः धरले जाते. म्हणूनच प्रत्येक सत्राच्या आरंभी ‘आज आपण कोठून बोलत आहात?’ असे विचारून उत्तर नोंदवून ठेवण्याची शिस्त अनेक मानसशास्त्रज्ञ पाळतात.

कराराचा मसुदा अमेरिका व कॅनडातील परवाना मंडळांच्या संघटनेने तयार केला. 2016 मध्ये ॲरिझोनाने तो सर्वांत आधी स्वीकारला. किमान सात राज्यांनी तो स्वीकारावा ही अट 2019 मध्ये पुरी होऊन तो अमलात आला आणि 2020 च्या जुलैपासून, ऐन कोविडकाळात, मानसशास्त्रज्ञांचे अर्ज घेतले जाऊ लागले. पुढे सदस्य राज्यांची संख्या चाळिशीपलीकडे गेली. कॅलिफोर्नियासारखे मोठे राज्य मात्र बाहेरच राहिले; तेथील कायदा परराज्यातील मानसशास्त्रज्ञाला कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त 30 दिवस काम करू देतो.

दूरस्थ सेवेच्या अधिकारासाठी डॉक्टरेट, स्वतःच्या राज्याचा निर्बंधमुक्त परवाना आणि ‘ई-पासपोर्ट’ हे प्रमाणपत्र लागते. प्रत्यक्ष जाऊन काम करायचे असल्यास वेगळी तात्पुरती परवानगी असते व ती प्रत्येक राज्यात वर्षाला 30 दिवसांपुरतीच चालते. केवळ पदव्युत्तर शिक्षण झालेल्या समुपदेशकांना या कराराचा उपयोग नाही.

करारामुळे परवान्याचा प्रश्न सुटतो, पण राज्यांचे कायदे एकसारखे होत नाहीत, आणि खरी अडचण येथेच आहे. रुग्णाने एखाद्याच्या जिवावर उठण्याची भाषा केली, तर संभाव्य बळीच्या रक्षणासाठी पावले उचलण्याचे कर्तव्य कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये टॅरासॉफ खटल्यात मान्य केले आणि अनेक राज्यांनी तसे नियम केले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1999 मध्ये असे कर्तव्य लादण्यास नकार दिला. त्यामुळे गोपनीयता केव्हा मोडावी, हे उपचारकाला समोरच्याचे राज्य पाहून, आणि तेही आणीबाणी उद्भवण्यापूर्वीच, माहीत असावे लागते.

भारतात हा पेच या रूपात उद्भवत नाही, कारण चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची 1992 च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याखालील नोंदणी देशभर चालते. परंतु पुण्यातून न्यू जर्सीतील मराठी विद्यार्थ्यावर ऑनलाइन उपचार करण्यास ती नोंदणी पुरत नाही, आणि अमेरिकी राज्याचा परवाना नसल्यास सायपॅक्टचाही आधार मिळत नाही.