सर्व्हर चालू असताना बॅकअप कसा घेतात?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गल्लोगल्ली पतपुरवठा सोसायट्या. संध्याकाळी पिग्मी एजंट मशिनं घेऊन येतात आणि दिवसभराची वसुली कॉम्प्युटरवर चढते. "बॅकअप घेता का?" विचारलं की क्लार्क म्हणतो, "रोज घेतो की! डेटाची फाईल हार्डडिस्कवर कॉपी मारतो." डेटाबेस बंद करून मारली तर ठीक. चालू असताना मारलेली कॉपी मात्र बहुधा कुचकामी असते.

समजा फाईल 40 जीबीची आहे. ती वाचायला काही मिनिटं जातात. पिग्मी खात्यांचा भाग कॉपी झाला, आणि तेवढ्यात कुणी एका खातेदाराच्या पिग्मीतले 20,000 रुपये त्याच्या कर्जखात्यात वळते केले. कॉपी पुढं सरकत कर्जखात्यांपाशी पोचली, तर तिथं 20,000 जमा! म्हणजे नकलेत तेच पैसे दोन्हीकडं. खऱ्या हिशेबात असा क्षण कधी आलाच नव्हता. त्यात आणखी एक बारीक घोळ आहे. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस 8 केबीचे ब्लॉक, म्हणजे ठोकळे, लिहितो, डिस्क मात्र 512 बाइट किंवा 4 केबीच्या तुकड्यांत. लिहिता लिहिता ब्लॉक वाचला गेला, तर अर्धा जुना, अर्धा नवा.

मग चोवीस तास चालणाऱ्या बँका काय करतात? जुन्या हिशेबनिसांना उत्तर ठाऊक आहे: आधी रोजकीर्द, मग खतावणी. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो. ती नोंद डिस्कवर पक्की झाली की मगच स्क्रीनवर 'व्यवहार पूर्ण' दिसतं. मूळ फाईल नंतर सवडीनं बदलते. या विचाराला 'एरिस' नावाची चोख पद्धत दिली ती सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी, 1992 च्या शोधनिबंधात. मोहन मद्रास आयआयटीत शिकलेले.

खरी गंमत पुढं आहे. लॉगमधल्या प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो, आणि प्रत्येक ब्लॉकच्या माथ्यावर त्याला शेवटी लागू झालेल्या नोंदीचा क्रमांक. आता ती गोंधळलेली नक्कल घ्या आणि बॅकअप सुरू झाल्यापासूनचा लॉग तिच्यावर चालवा. ब्लॉकचा क्रमांक नोंदीपेक्षा लहान असेल तर नोंद लागू करा, नाहीतर पुढं चला. पिग्मीच्या जुन्या ब्लॉकमधून 20,000 वजा होतात. कर्जाच्या ब्लॉकमध्ये ते आधीच आलेत, म्हणून तिथं दुसऱ्यांदा जमा होत नाहीत. शेवटी अर्धवट राहिलेले व्यवहार उलटे फिरवले की हिशेब जुळतो. अर्धा जुना, अर्धा नवा अशा फाटक्या ब्लॉकच्या क्रमांकावर अर्थातच भरवसा नाही, म्हणून बॅकअप चालू असताना पोस्टग्रेस ब्लॉकच्या पहिल्या बदलावेळी अख्खा ब्लॉकच लॉगमध्ये उतरवतो. ऑरॅकल डेटाबेसचं बॅकअपचं साधन आरमॅन असा ब्लॉक दिसला की पुन्हा वाचतं.

नेटबॅकअप, कॉमव्हॉल्टसारखी बॅकअपची मोठी सॉफ्टवेअरं वेळापत्रक, टेप आणि कुठली प्रत कुठं आहे याची यादी सांभाळतात. ब्लॉक आणि लॉगची समज डेटाबेसची. दोघांना जोडणारं मॉड्यूल घेतलं नाही, तर लाखाचं सॉफ्टवेअरही क्लार्कसारखी नुसती फाईल कॉपी मारू शकतं, आणि रिपोर्टवर हिरवी खूण उमटते ती उमटतेच.

खंडेनवमीला सर्व्हरची पूजा होते, दारावर लिंबू-मिरची लागते. कुंकू पंख्याच्या जाळीत जातं, यापलीकडं त्याचा सर्व्हरवर परिणाम नाही. 'क्लाउडवर आहे, काळजी नको' हा नव्या जमान्याचा अंगारा. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यानं चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर उडवलं. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळं फसत होता, आणि त्याच्या इशाऱ्याच्या ईमेलही पोचत नव्हत्या. शेवटी सुमारे सहा तास जुन्या प्रतीवर भागवावं लागलं.

लॉग जपलेला असेल तर आणखी एक सोय मिळते. 5 वाजून 42 मिनिटांनी कुणी चुकीचं व्याज सगळ्या खात्यांवर चढवलं, तर 5.41 पर्यंतच्याच नोंदी चालवून थांबता येतं. आरशासारखी चालणारी दुसरी डिस्क इथं कामाची नाही, चूक तिच्यावरही तत्क्षणी उमटते. मात्र लॉग त्याच खोलीत ठेवू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते निपाणी-चिकोडीकडं सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वर्षातून एकदा तरी सॉफ्टवेअरवाल्याला बॅकअप रिकाम्या मशिनवर चढवायला लावा, त्यातून तेरीजपत्रक काढा आणि त्या दिवशीच्या छापील पत्रकाशी पैशापर्यंत ताडून पाहा.