कार्बोनेटी तेलधारक खडक : गुणनिर्धारण

चुनखडक, चॉक व डोलोमाइट यांत खनिज तेल वा वायू किती आहे आणि त्यातला किती विहिरीवाटे वर येईल, हे ठरविण्यासाठी केलेला खडकाच्या सच्छिद्रतेचा (पोकळ जागेच्या प्रमाणाचा), पार्यतेचा (द्रव वाहू देण्याच्या क्षमतेचा) व संपृक्ततेचा (छिद्रांतील पाणी, तेल वा वायू यांच्या वाट्याचा) अभ्यास. सौदी अरेबियातील घवार (जुरासिक) आणि मुंबई हाय (मायोसीन, शोध १९७४) ही अशा खडकांतील प्रसिद्ध तेलक्षेत्रे होत.

वालुकाश्माची सच्छिद्रता कळली की पार्यतेचा अदमास बांधता येतो. कार्बोनेटी खडकांत तसे होत नाही. उत्तर समुद्रातील चॉकची सच्छिद्रता काही ठिकाणी ३०-४०% असूनही भेगा नसलेल्या भागात पार्यता जेमतेम काही मिलिडार्सी (पार्यतेचे एकक) भरते. अशा खडकांचे डनम यांचे वर्गीकरण (१९६२) निक्षेपाच्या (साचलेल्या गाळाच्या) पोतावर, तर शोकेट व प्रे यांचे (१९७०) छिद्रांच्या उत्पत्तीवर आधारलेले आहे. ल्युशिया यांनी पोकळ्या सुट्या आहेत की एकमेकींना जोडलेल्या, याला महत्त्व दिले. उत्पादनाच्या दृष्टीने हाच निकष अधिक कामाचा ठरतो.

विरघळून गेलेल्या शंखशिंपल्यांच्या जागी उरलेल्या सुट्या पोकळ्यांमुळे विहिरीत घेतलेल्या विद्युत् रोधाच्या नोंदींचा अर्थही बदलतो. या नोंदींवरून पाण्याची संपृक्तता काढण्याच्या आर्ची यांच्या सूत्रात (१९४२) सच्छिद्रतेचा घातांक सर्वसाधारणपणे २ धरतात. सच्छिद्रता २०% असता त्याने पाण्याची संपृक्तता ३०% येत असेल, तर घातांक ३ घेताच ती सु. ६७% होते, म्हणजे तेलाचा हिशेब निम्म्याहून खाली येतो. म्हणून हा घातांक शैलगाभ्यावर (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाकार नमुन्यावर) मोजूनच घ्यावा.

डोलोमाइटीकरणाने सच्छिद्रता वाढते का, हा जुना वाद आहे. कॅल्साइटाची जागा डोलोमाइटाने रेणूस रेणू या प्रमाणात घेतली, तर घन भागाचे आकारमान सु. १२-१३% घटते, हे मत एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. मात्र हे गणित बाहेरून कार्बोनेट येत नाही असे गृहीत धरते. ते येत राहिले, तर छिद्रे उलट बुजतात. डोलोमाइट दाबाखाली कमी चेपला जातो, त्यामुळे मूळची सच्छिद्रता खोलवरही टिकते, हे स्पष्टीकरण अनेक क्षेत्रांच्या बाबतीत अधिक ग्राह्य वाटते.

कार्बोनेटी खडकांचा पृष्ठभाग बहुधा तेलाने भिजणारा किंवा मिश्र असतो. त्यामुळे तेल ढकलण्यासाठी साठ्यात पाणी सोडूनही बरेच तेल छिद्रांच्या भिंतींना धरून राहते. विद्रावकाने धुतलेल्या गाभ्यात हा गुण बदलतो. म्हणून तो परत यावा यासाठी चाचणीपूर्वी गाभा त्याच साठ्यातील तेलात, साठ्याच्या तापमानाला काही आठवडे मुरवतात.