भूमिपुत्रांचे धोरण आणि आदिवासींचे हक्क: परका नेमका कोण?

महापालिकेची निवडणूक आली की मुंबईत एक युक्तिवाद हमखास कानावर पडतो: अमुक पक्ष भूमिपुत्रांचा कैवारी आहे, म्हणजे तो आदिवासींचाही कैवारी असणारच. दोन वेगळ्या प्रश्नांची ही मोट बांधणे आता थांबवावे.

भूमिपुत्रांचे धोरण वाचकांना पाठ आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेचा रोख आधी दाक्षिणात्यांवर आणि पुढे उत्तर भारतीयांवर राहिला, नोकऱ्यांत स्थानिकांना ८० टक्के वाटा मागितला गेला आणि २००६ नंतर मनसेनेही तोच मुद्दा लावून धरला. त्याची उजळणी नको.

घोळ होतो तो 'परका' ठरवताना. भूमिपुत्रांच्या धोरणात परका म्हणजे परप्रांतीय. आदिवासींना कायद्याने दिलेल्या संरक्षणात परका म्हणजे बिगर-आदिवासी, मग तो पिढ्यान्‌पिढ्या गिरगावात राहिलेला मराठी माणूस का असेना. जमीन महसूल संहितेत १९७४ साली आलेल्या कलम ३६अ मुळे डहाणूच्या वारली खातेदाराची शेतजमीन कोणाही बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकत घेता येत नाही, आणि तेथे शनिवार-रविवारसाठी बंगला बांधू पाहणाऱ्या दादरकराला आपला अधिवासाचा दाखला पुढे करून काहीही साधत नाही. संविधानही हाच भेद पाळते. देशात कोठेही फिरण्याच्या व वसण्याच्या स्वातंत्र्यावर अनुसूचित जमातींच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा अनुच्छेद १९(५) स्पष्ट शब्दांत देतो; सरकारी नोकरीत रहिवासाची अट घालण्याचा अधिकार मात्र अनुच्छेद १६(३) राज्याला न देता संसदेकडे ठेवतो.

दाखलेही निराळे आहेत. पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर परप्रांतातून आलेल्यालाही अधिवासाचा दाखला मिळतो. जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे राज्यातील वास्तव्य ६ सप्टेंबर १९५० पासूनचे लागते. मुंबईचे जुने रहिवासी म्हणून सोनकोळ्यांचा मान मोठा, तरी ते अनुसूचित जमातीत नाहीत. मल्हार कोळी आहेत. हे वाहिन्यांवरील चर्चकांना कोणी तरी एकदा सांगावे.

मुंबईतल्या आरेतील आदिवासी पाड्यांचा झगडा तर परप्रांतीयांशी नाहीच. त्यांच्या भोवतालची जमीन दुग्धवसाहत, चित्रनगरी आणि मेट्रोची कारशेड अशा सरकारी प्रकल्पांत गेली. म्हणून उमेदवाराचे आदिवासी धोरण तपासायचे असेल, तर दुकानांच्या मराठी पाट्यांवरचे त्याचे भाषण बाजूला ठेवून, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पाड्यांनी केलेल्या दाव्यांबाबत त्याने काय केले, हे विचारावे.