घरच्या टेपवरचा निक ड्रेक: ‘फॅमिली ट्री’ची पार्श्वभूमी

इंग्रज गायक-गीतकार निक ड्रेक याच्या हयातीत तीनच अल्बम निघाले: ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ (१९६९), ‘ब्रायटर लेटर’ (१९७१) आणि ‘पिंक मून’ (१९७२). तिन्ही जेमतेम खपले. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, नैराश्यावरच्या गोळ्यांचा अतिरिक्त डोस पोटात जाऊन तो गेला. तेहतीस वर्षांनी, २००७ मध्ये, ‘फॅमिली ट्री’ हा संग्रह आला. त्यातली गाणी पहिल्या अल्बमच्याही आधीची. एकही स्टुडिओत प्रकाशनासाठी म्हणून गायलेले नाही.

मग ती टेपवर आली कशी? मुख्यतः वडिलांच्या हौसेमुळे. रॉडनी ड्रेक हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचे इंजिनिअर. ब्रह्मदेशातल्या सागवानावर मोठी झालेली, आज मुंबईच्या वाडिया समूहात असलेली हीच ती कंपनी. निकचा जन्म १९४८ चा, रंगूनचा. थोरली बहीण गॅब्रिएल लाहोरची. युद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा आई मॉली आणि मावशी नॅन्सी भारतात आल्या. दिल्लीत असताना या दोघी बहिणी ऑल इंडिया रेडिओवर गात. पन्नाशीच्या दशकात हे कुटुंब इंग्लंडमध्ये, वॉरिकशरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात स्थिरावले. तिथे मॉली पियानोवर स्वतःची गाणी रचायची आणि रॉडनी ती स्पूलच्या टेप रेकॉर्डरवर उतरवून ठेवायचे. मुलगा गिटार घेऊन बसू लागल्यावर तेच यंत्र त्याच्यापुढे आले.

१९६७ च्या सुरुवातीला निक फ्रान्समधल्या एक्स-ऑं-प्रोव्हान्सला गेला. अभ्यास नावापुरता, खरे काम गिटारच्या तारा निराळ्या सुरांत लावून बघणे. तिथल्याही काही टेप या संग्रहात आहेत. तेव्हा तो मुख्यतः जॅक्सन सी. फ्रँक, बर्ट जान्श, बॉब डिलन अशा फोक गायकांची गाणी गात होता. गळा अजून उसना वाटतो, बोटे मात्र स्वतःची झालेली आहेत. पुढे केंब्रिजला रॉबर्ट कर्बी हा वाद्यरचनाकार मित्र भेटला. ‘वे टू ब्लू’ आणि ‘डे इज डन’ यांचे १९६८ मधले कच्चे रूप त्या काळातले. त्याच सुमारास लंडनच्या राउंडहाउसमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या फोक-रॉक बँडच्या ॲशली हचिंग्जने त्याला ऐकले, निर्माता जो बॉइडला कळवले आणि घरगुती टेपचा काळ संपला.

निक गेल्यावर तुरळक चाहते टॅनवर्थच्या घरी येऊ लागले. आईवडील त्यांचे स्वागत करत, आणि रॉडनी काहींना टेपच्या प्रतीही देत. त्या प्रतींच्या प्रती निघाल्या आणि १९९० च्या दशकात त्यांच्या चोरट्या सीडी विकल्या जाऊ लागल्या. आवाज घासलेला, पैसा तिसऱ्याच्याच खिशात. १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजले आणि मागणी आणखी वाढली. जे बाहेर फिरतेच आहे ते निदान नीट ऐकू यावे, हा अधिकृत संग्रहामागचा मुख्य हेतू. तिन्ही अल्बमचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या जॉन वुडनेच टेप साफ केल्या.

तरी गॅब्रिएलला अवघडल्यासारखे होत होतेच. सोबतच्या पुस्तिकेत तिने भावाला उद्देशून पत्र लिहिले आहे; हे प्रकाशन त्याला रुचले असते का, याची तिला खात्री नव्हती. तिची शंका मला रास्त वाटते. दोन-तीन ब्लूजची गाणी नसती तरी चालले असते.

पण २८ तुकड्यांच्या या संग्रहात मॉलीची दोन गाणी आहेत, आणि माझ्या मते संग्रहाचा जीव तिथे आहे. निकचे ते अनपेक्षित वळणारे स्वर फोक क्लबमधून आले, असा समज होता. ‘पुअर मम’ ऐकल्यावर तो डळमळतो: तीच हुरहुर, तशीच अर्ध्यावर थांबणारी चाल, फक्त पियानोवर आणि आईच्या गळ्यात. मॉली १९९३ मध्ये वारली. तिच्या गाण्यांचा स्वतंत्र अल्बम ‘फॅमिली ट्री’नंतर आला, रॉडनींच्या त्याच टेपवरून.