घरच्या घरी व्हर्च्युअल सायकलिंग : ट्रेनर घेण्यापूर्वी वाचावे असे काही

पावसाळा सुरू झाला की घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे आणि अवजड वाहने यांना कंटाळलेले, येऊरच्या ओल्या चढावर एकदा घसरलेले अनेक ग्राहक आमच्या दुकानात ट्रेनरची, म्हणजे आपलीच सायकल घरात एका जागी बसवून चालवता येईल अशा यंत्राची, चौकशी करण्यासाठी येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘सर्वांत चांगला कोणता?’ हाच असतो. ठाण्याच्या दमट हवेत ट्रेनरच्या आधी पंख्याचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सायकलस्वाराच्या शरीरात निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो आणि उरलेली सगळी उष्णता होते. म्हणजे आपण 150 वॉटने पेडल मारत असाल, तर आपल्या शरीरातून सुमारे 450 वॉट किंवा त्याहून अधिक उष्णता बाहेर पडत असते. रस्त्यावर ताशी 25 किलोमीटर वेगाने जाताना समोरचा वारा ती वाहून नेतो. बंद खोलीत हा वारा नसतो, हवेत आधीच ओलावा असल्याने घाम वाळत नाही, आणि वीस मिनिटांत दम लागला म्हणून ग्राहक मशीनला दोष देतात. छताचा पंखा इथे पुरत नाही. छातीच्या उंचीवर समोरून झोत देणारा मोठा स्टँडचा पंखा हवा. एसी असल्यास उत्तम, परंतु तो पंख्याची जागा घेत नाही.

ट्रेनरचे मुख्य प्रकार दोन. एकात मागचे चाक न काढता ते रोलरवर टेकवले जाते. हा स्वस्त असतो, मात्र टायर झिजतो, जाड नक्षीचा एमटीबीचा (माउंटन बाइकचा) टायर फार आवाज करतो आणि हवेचा दाब बदलला की वॉटचे आकडेही बदलतात. दुसरा डायरेक्ट ड्राइव्ह, ज्यात मागचे चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चक्रांच्या संचावर) चढवली जाते. आवाज कमी आणि आकडे अधिक भरवशाचे. तो घेण्यापूर्वी आपल्या सायकलला किती गिअरची कॅसेट आहे आणि मागचा अॅक्सल (चाकाचा आस) कोणता आहे, हे तपासणे अत्यावश्यक आहे. शक्य असल्यास सायकलच दुकानात आणावी. फ्रेम कार्बनची असल्यास ती ट्रेनरवर लावण्यास उत्पादकाची परवानगी आहे का, तेही पाहून घ्यावे.

स्मार्ट ट्रेनर आपली ताकद वॉटमध्ये मोजून मोबाइल किंवा लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल सायकलिंगच्या अॅपला कळवतो. अॅप ती ताकद, आपले वजन आणि पडद्यावरच्या रस्त्याचा चढ यांवरून वेग ठरवते आणि चढ आला की ट्रेनरला पेडल जड करण्याची सूचना देते. म्हणूनच वजन खरे लिहावे. पाच किलो कमी लिहिल्यास चढ लवकर संपतो, हे आमच्या काही ग्राहकांनी आमच्याआधीच शोधून काढले आहे. झ्विफ्ट हे अॅप 2014 पासूनचे असून त्याला मासिक शुल्क आहे. माय-व्हूश विनामूल्य आहे, त्यामुळे सुरुवात त्यावर करण्यास हरकत नाही. झ्विफ्टमधील आल्प दू झ्विफ्ट हा 21 वळणांचा, 1,036 मीटर उंची चढवणारा घाट पहिल्याच आठवड्यात घेऊ नये.

जोडणीनंतर आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ‘लॅपटॉपला ट्रेनर सापडत नाही’ ही नेहमीची. बहुतेक वेळा तो आधीच मोबाइलच्या ब्लूटूथला जोडलेला असतो. मोबाइलवरचे अॅप पूर्ण बंद करून पुन्हा शोधावे. दुसरी तक्रार ‘पेडल अडकले’ अशी असते. अर्ग मोडमध्ये ट्रेनर ठरावीक वॉट राखतो, त्यामुळे आपण दमून पाय मंदावले की तो अधिक जड होतो आणि शेवटी पाय थांबतात. अशा वेळी जोर लावून गुडघे दुखवून घेण्यापेक्षा क्षणभर थांबावे, मोड बंद करावा आणि हलक्या पायाने पुन्हा वेग घ्यावा.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आवाजापेक्षा कंपनांची काळजी घ्यावी, कारण ती स्लॅबमधून खालच्या घरात उतरतात. जाड रबरी मॅट घालावी आणि ट्रेनर खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवावा.

घामाकडे दुर्लक्ष करू नये. हँडलवरून ठिबकणारा खारट घाम हेडसेटमध्ये (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरते त्या बेअरिंगमध्ये) उतरतो; पावसाळाभर घरातच चालवलेली एक सायकल सर्व्हिसिंगला आली, तेव्हा हँडलची पट्टी सोडवताच खालचे अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीने खाल्लेले दिसले. हँडलवर टॉवेल टाकावा आणि प्रत्येक वेळी सायकल ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसावी.

पहिले दोन आठवडे अर्धा तास, बोलता येईल इतक्याच जोराने चालवणे पुरेसे आहे. हृदयविकार किंवा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. आमचा कारागीर जोडणीसाठी येईल तेव्हा जी व्यक्ती सायकल चालवणार आहे, तिने नेहमीचे बूट घालून घरी हजर राहावे, कारण सीटची उंची तिच्या पायांनुसारच बसवावी लागते.